तारे कशाभोवती फिरतात? एका शतकभराच्या मोजणीचा इतिहास

पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी शोधलेल्या ‘अलकनंदा’ या दीर्घिकेची बातमी नोव्हेंबर २०२५ मध्ये देशभर पोहोचली. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या चित्रांत ही दीर्घिका सापडली. विश्वाचे वय जेमतेम दीडशे कोटी वर्षे होते, तेव्हाचा तिचा प्रकाश आज आपल्यापर्यंत येत आहे. आणि इतक्या कोवळ्या वयात तिला दोन सुडौल सर्पिल भुजा फुटलेल्या आहेत. हिंदीत आकाशगंगेला ‘मंदाकिनी’ म्हणतात, आणि हिमालयातील अलकनंदा ही मंदाकिनीची भगिनी नदी. म्हणून हे नाव.

बातमीसोबत फिरलेल्या चित्रात भुजा स्पष्ट होत्या, फिरणे मात्र दिसत नव्हते. ते कोणत्याही चित्रात दिसणे शक्य नाही. सूर्याला आकाशगंगेच्या केंद्राभोवती एक फेरी पूर्ण करण्यास सुमारे तेवीस कोटी वर्षे लागतात. मागची फेरी सुरू झाली तेव्हा पृथ्वीवर डायनासोरांचा नुकताच उदय होत होता. दुर्बिणीचा शोध लागून चारशेहून थोडी अधिक वर्षे झाली. एवढ्या अवधीत सूर्याने आपल्या कक्षेचा जो अंश ओलांडला, तो कागदावर काढू गेल्यास पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जाईल. तरीही तारे केंद्राभोवती फिरतात, अमुक वेगाने फिरतात आणि त्यांचा वेग अपेक्षेशी जुळत नाही, एवढे सारे विज्ञानाला ठाऊक आहे. हे ज्ञान कसे मिळाले आणि त्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट डोळ्यांसमोर असूनही तीस-चाळीस वर्षे दुर्लक्षित कशी राहिली, याची ही हकीकत आहे.

सुरुवात एका तिरप्या रेषेपासून झाली. १९१४ मध्ये अमेरिकेतील लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी कन्या राशीतील एका तेजोमेघाचा वर्णपट घेतला. आज हाच तेजोमेघ सोंब्रेरो दीर्घिका म्हणून ओळखला जातो. तिची तबकडी पृथ्वीवरून जवळजवळ कडेने दिसते. वर्णपटमापकाची चीर तबकडीच्या लांबीवर ठेवली, तेव्हा वर्णरेषा सरळ उभ्या न येता कललेल्या आल्या. अर्थ उघड होता. केंद्राच्या तुलनेत तबकडीची एक बाजू पृथ्वीकडे येत होती, म्हणून तिचा प्रकाश निळ्याकडे सरकला होता. दुसरी बाजू दूर जात होती, म्हणून तिचा प्रकाश तांबड्याकडे सरकला होता. फिरणाऱ्या वस्तूची ही स्वाक्षरीच होय. पुढे माउंट विल्सन येथे फ्रान्सिस पीझ यांनी देवयानी दीर्घिकेचा असाच वर्णपट मिळवला. त्यासाठी एकच छायाचित्रण-काच त्यांनी कित्येक रात्री मिळून सुमारे ऐंशी तास दुर्बिणीमागे उघडी ठेवली. एवढ्या परिश्रमानंतर हाती आला तो केवळ तेजस्वी गाभ्याचा वेग. बाहेरची मंद तबकडी काचेवर उमटलीच नाही, आणि खरे कोडे तर तिथेच दडलेले होते.

विशेष म्हणजे, हे तेजोमेघ आपल्या आकाशगंगेच्या आत आहेत की बाहेर, हे तेव्हा ठरलेले नव्हते. दीर्घिका म्हणजे काय हे समजण्याआधीच ती फिरते हे समजले होते.

स्वतःच्या आकाशगंगेचे भ्रमण ओळखणे याहून अवघड ठरले. रानात उभ्या माणसाला रानाचा आकार कळत नाही, त्यातलीच ही अडचण. डच खगोलशास्त्रज्ञ कापटाइन यांनी ताऱ्यांची मोजदाद करून जो नकाशा काढला, त्यात सूर्य जवळजवळ मध्यभागी होता. हार्लो शॅप्ली यांनी १९१८ मध्ये हा नकाशा उलथवला. गोलाकार तारकागुच्छ आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नाहीत, ते धनू राशीच्या दिशेला दाटलेले आहेत. तेव्हा केंद्र त्या दिशेला आणि सूर्यापासून फार दूर असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्यांनी हे अंतर सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षे काढले. आजचा आकडा २६ ते २७ हजारांच्या दरम्यान आहे. दिशा अचूक आणि अंतर अडीचपट चुकलेले, असा हा निकाल होता.

केंद्र तिकडे असेल, तर तारे त्याभोवती फिरत असले पाहिजेत. पण सिद्ध कसे करायचे? येथे एका जुन्या विसंगतीने मदत केली. काही तारे सूर्याच्या सापेक्ष फार मोठ्या वेगाने जाताना दिसत, आणि हे सगळे ‘वेगवान’ तारे आकाशाच्या एकाच बाजूकडे धाव घेत. विरुद्ध बाजूकडे त्यांतला एकही जात नसे. स्वीडनच्या बेर्टिल लिंडब्लाड यांनी याचा उलगडा केला. हे तारे वेगवान नसून मंद आहेत. सूर्य आणि त्याचे शेजारी केंद्राभोवती झपाट्याने जात आहेत, आणि हे मागे पडत आहेत. जलद लोकलच्या खिडकीतून शेजारच्या रुळावरची धीमी लोकल उलटी धावताना दिसते, तोच हा भास.

लिंडब्लाड यांचे गणित अनेकांना दुर्बोध वाटले. नेदरलँड्समधील लायडनच्या यान ओर्ट यांना मात्र त्याचे मोल कळले, आणि १९२७ मध्ये त्यांनी त्याची परीक्षा घेतली. समजा, आकाशगंगा जात्याच्या पाळीसारखी अखंड फिरत असेल, तर सूर्याजवळच्या ताऱ्यांमधील अंतर बदलणारच नाही. पाळीवरचे दोन दाणे एकमेकांपासून दूर जात नाहीत. पण ग्रहांप्रमाणे आतले तारे लवकर आणि बाहेरचे उशिरा फेरी पूर्ण करत असतील, तर आतले सूर्याला मागे टाकतील आणि बाहेरचे सूर्याच्या मागे पडतील. मग आकाशाचे चार भाग केल्यास समोरासमोरच्या दोन भागांतले तारे आपल्यापासून दूर जाताना दिसतील आणि उरलेल्या दोन भागांतले जवळ येताना. ओर्ट यांनी उपलब्ध मोजमापे मांडून पाहिली, आणि हा चौपदरी ठसा त्यांत उमटलेला होता. त्यावरून काढलेली केंद्राची दिशा शॅप्ली यांच्या दिशेशी जुळली. अंतर मात्र सुमारे वीस हजार प्रकाशवर्षे आले, म्हणजे शॅप्ली यांच्या एक तृतीयांशाहून कमी. तीन वर्षांनी रॉबर्ट ट्रम्पलर यांनी ताऱ्यांमधील धूळ प्रकाश शोषते हे दाखवले, तेव्हा या तफावतीचे मोठे कारण कळले. धुळीमुळे मंद दिसणारे तारकागुच्छ शॅप्ली यांना वास्तवाहून दूरचे वाटले होते.

या शास्त्राला गणिती पाया देणाऱ्यांत एक नाव भारतीयांना परिचयाचे आहे, पण ते बहुधा वेगळ्याच कारणासाठी घेतले जाते. सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर म्हटले की श्वेतबटू ताऱ्यांची मर्यादा आठवते. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातून निघून केंब्रिजमार्गे शिकागो विद्यापीठाच्या यर्क्स वेधशाळेत पोहोचलेल्या या शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये ताऱ्यांच्या गतिशास्त्रावर एक स्वतंत्र ग्रंथ लिहिला. त्यातील एक प्रश्न वरकरणी साधा आहे: फिरताना तारे एकमेकांच्या वाटेत येतात काय? चंद्रशेखरांच्या गणिताप्रमाणे, शेजाऱ्यांच्या ओढाताणीने एखाद्या ताऱ्याचा मार्ग पुरता बदलण्यास लागणारा काळ विश्वाच्या वयाहून कितीतरी अधिक आहे. याचा अर्थ, तारा कोणत्याही एका शेजाऱ्याचे ऐकत नाही; तो सगळ्या आकाशगंगेच्या एकत्रित गुरुत्वाकर्षणाला प्रतिसाद देतो. म्हणूनच ताऱ्याचा वेग मोजला की त्याच्या कक्षेच्या आत किती वस्तुमान आहे ते सांगता येते. दीर्घिकांचे वजन करणारा तराजू तो हाच.

पुढच्याच वर्षी चंद्रशेखरांनी ‘गतिकीय घर्षण’ ही कल्पना मांडली. ताऱ्यांच्या गर्दीतून एखादी जड वस्तू गेली, तर तिच्या मागे तारे किंचित दाटतात आणि त्यांच्या ओढीने तिचा वेग मंदावतो. मोठ्या दीर्घिका आपल्या लहान उपदीर्घिकांना हळूहळू गिळंकृत कशा करतात, याचे स्पष्टीकरण आजही याच सूत्राने सुरू होते.

आता त्या तराजूकडे वळले पाहिजे. सूर्यमालेत जवळजवळ सारे वस्तुमान मध्यभागी आहे, त्यामुळे दूरचा ग्रह संथ चालतो. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने जाते. तीसपट दूर असलेला नेपच्यून केवळ साडेपाच किलोमीटर वेगाने. दीर्घिकांचा प्रकाशही मध्यभागी एकवटलेला आणि कडेला विरळ असतो. म्हणून कडेचे तारे नेपच्यूनसारखे संथ असणार, हे कोणी सिद्ध केले नव्हते. ते गृहीतच होते.

या गृहीताला पहिला तडा १९३९ मध्ये गेला. लिक वेधशाळेतील होरेस बॅबकॉक या विद्यार्थ्याने पीएच.डी.साठी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागाचे वेग मोजले. ते घटत नव्हते. त्याने दोन शक्यता सुचवल्या: बाहेरच्या भागात प्रकाश शोषला जात असावा किंवा गतिशास्त्राचाच नव्याने विचार करावा लागेल. त्याचे काही आकडे प्रमाणाबाहेर मोठे होते, हे पुढे कळले. दिशा मात्र बरोबर होती. त्याच्या कामाचे स्वागत थंड झाले आणि बॅबकॉक ताऱ्यांच्या व सूर्याच्या चुंबकीय क्षेत्रांच्या अभ्यासाकडे वळला. १९४० मध्ये स्वतः ओर्ट यांनीही एका दीर्घिकेत वस्तुमानाची आणि प्रकाशाची वाटणी एकमेकांशी जुळत नसल्याचे नोंदवले. त्याआधी, १९३३ मध्ये फ्रिट्झ झ्विकी यांनी दीर्घिकांच्या समूहात न दिसणारे द्रव्य असल्याचे म्हटले होते. तीन सुटी निरीक्षणे तीन सुट्या कप्प्यांत पडून राहिली.

मग महायुद्ध आले. जर्मनांच्या ताब्यातील हॉलंडमध्ये ओर्ट यांनी हेंड्रिक व्हान डे हुल्स्ट या विद्यार्थ्याला विचारले: रेडिओ लहरींत एखादी वर्णरेषा सापडेल काय? व्हान डे हुल्स्टने १९४४ मध्ये उत्तर दिले की हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर तरंगलांबीची लहर सोडू शकतो. युद्धानंतर, १९५१ मध्ये हार्वर्ड येथे युएन आणि पर्सेल यांनी ती पकडली. काही आठवड्यांत डच गटानेही ती पकडली, आणि तीही जर्मनांनी मागे टाकलेल्या रडारच्या थाळीने. या लहरीला धूळ अडवत नाही. शिवाय हायड्रोजन वायू ताऱ्यांच्या सीमेपलीकडे फार दूरपर्यंत पसरलेला असतो. जिथे तारे संपतात तिथेही वेग मोजणे आता शक्य झाले. १९५७ मध्ये व्हान डे हुल्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवयानीच्या वायूचा वेग मोजला.

याच सुमारास व्हेरा रुबिन यांचे नाव या कथेत येते, आणि ते लोकप्रिय कथेत येते त्यापेक्षा आठ वर्षे आधी येते. १९६२ मध्ये जॉर्जटाउन विद्यापीठात शिकवत असताना त्यांनी आपल्या वर्गातील विद्यार्थ्यांना एक प्रकल्प दिला: उपलब्ध सूचींतून तेजस्वी ताऱ्यांची मोजमापे गोळा करून आकाशगंगेचा भ्रमणवेग काढायचा. ८८८ ताऱ्यांचा हिशेब झाला. सूर्याच्या कक्षेबाहेर वेगाचा आलेख जवळजवळ सपाट आला. ग्रहांच्या नियमाने तो उतरायला हवा होता. सहा विद्यार्थ्यांच्या नावांसह लेख प्रसिद्ध झाला, आणि फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एका वर्गाच्या गृहपाठात विसाव्या शतकातील एक मोठे कोडे लिहिलेले होते.

वॉशिंग्टनच्या कार्नेगी संस्थेत केंट फोर्ड यांनी बनवलेल्या वर्णपटमापकाने पुढचे काम सोपे केले. त्यातील इलेक्ट्रॉनिक प्रतिमानलिका मंद प्रकाश कित्येक पटींनी वाढवत असे. पीझ यांना ज्याला ऐंशी तास लागले, तसे काम काही तासांवर आले. रुबिन आणि फोर्ड यांनी देवयानीतील ६७ तप्त वायुमेघांचे वेग मोजून १९७० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. बाहेर जाऊनही वेग लक्षणीयरीत्या उतरत नव्हता. शेवटच्या मोजलेल्या बिंदूपलीकडे काय असेल हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे, अशा आशयाचे सावध विधान करून त्यांनी लेख आवरला.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या केन फ्रीमन यांनी दोन दीर्घिकांच्या रेडिओ मोजमापांवरून लिहिले की आकडे खरे असतील तर तेथे दिसणाऱ्या वस्तुमानाइतके तरी न दिसणारे वस्तुमान असले पाहिजे. १९७३ मध्ये ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांनी संगणकावर दाखवले की केवळ ताऱ्यांची थंड तबकडी स्थिर राहत नाही. तिला भोवतालच्या वस्तुमानाचा आधार हवा. १९७८ मध्ये आल्बर्ट बोस्मा यांनी ग्रोनिंगेन विद्यापीठाच्या प्रबंधात अनेक दीर्घिकांचे रेडिओ आलेख मांडले. ताऱ्यांच्या कडेपलीकडेही ते सपाटच होते. १९८० मध्ये रुबिन, फोर्ड आणि थोनार्ड यांनी २१ सर्पिल दीर्घिकांचे आलेख दिले, तेव्हा शंकेला जागा उरली नाही. लोकांच्या स्मरणात रुबिन यांचे नाव राहिले, ते योग्यच आहे. पण दृश्य प्रकाश जिथे संपतो त्यापलीकडची साक्ष रेडिओ दुर्बिणींनी दिली आणि तिचे श्रेय लोकप्रिय लिखाणात क्वचितच नोंदले जाते, हेही सांगितले पाहिजे.

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा, कारण तो पाठ्यपुस्तकांबाहेरच्या चित्रफितींनी पक्का केला आहे. आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवर ताऱ्यांना फिरवते, असे अनेकांना वाटते. त्या विवराचे वस्तुमान सुमारे ४३ लाख सूर्यांइतके आहे. सूर्याला त्याच्या कक्षेत धरून ठेवण्यास मात्र सुमारे दहा हजार कोटी सूर्यांइतके वस्तुमान लागते. म्हणजे कृष्णविवराचा वाटा तेवीस हजारांत एक भाग. सोळा वर्षांत फेरी पूर्ण करणाऱ्या एस-टू ताऱ्यासारखे अगदी जवळचे मोजके तारे खरोखर त्याच्या ताब्यात आहेत. बाकीचे तारे एकमेकांभोवती, वायूभोवती आणि न दिसणाऱ्या त्या द्रव्याभोवती फिरतात. सूर्याची कक्षाही बंद वर्तुळ नाही. तो आत-बाहेर डुलतो आणि काही कोटी वर्षांच्या अंतराने तबकडीच्या वर-खाली जातो.

भारतातून या तराजूवर झालेल्या मोजमापांत जुन्नर तालुक्यातील खोडदच्या महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बिणीचा, म्हणजेच जीएमआरटीचा, वाटा लक्षणीय आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या या दुर्बिणीच्या ३० थाळ्या हायड्रोजनची तीच २१ सेंटिमीटरची लहर ऐकू शकतात. २००५ मध्ये आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि रशियाचे इगोर काराचेंत्सेव्ह यांनी सप्तर्षींच्या दिशेने सुमारे एक कोटी प्रकाशवर्षांवर असलेल्या एनजीसी ३७४१ या चिमुकल्या दीर्घिकेचा अभ्यास प्रसिद्ध केला. तिचे तारे मूठभर, पण वायूची तबकडी ताऱ्यांच्या दृश्य कडेच्या आठपटींहून दूर पसरलेली. इतक्या दूरवर भ्रमणवेग मोजला, तरी आलेख सपाटच राहिला. सूर्याच्या बाबतीत वस्तुमान आणि प्रकाश यांचे गुणोत्तर एक धरले, तर या दीर्घिकेत ते सुमारे १०७ भरले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत चंदा जोग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक वाट चोखाळली: वायूच्या तबकडीची जाडी बाहेरच्या बाजूस कशी वाढत जाते, यावरून न दिसणाऱ्या द्रव्याची घडण ताडायची. वेग सांगतो की द्रव्य किती आहे. जाडी सांगते की ते कसे पसरले आहे.

आपल्या आकाशगंगेचा बाहेरचा आलेख काढणे अजूनही सर्वांत कठीण आहे. कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेतील पिजुषपाणी भट्टाचार्जी, सौमिनी चौधुरी आणि सुस्मिता कुंडू यांनी २०१४ मध्ये केंद्राजवळच्या वायूपासून तबकडीबाहेरच्या दूरस्थ तारे, तारकागुच्छ आणि उपदीर्घिकांपर्यंतची मोजमापे एकत्र गुंफून साडेसहा लाख प्रकाशवर्षांपर्यंतचा आलेख मांडला. त्यावरून एकूण वस्तुमानाची खालची मर्यादा ६८ हजार कोटी सूर्यांच्या आसपास आली, अर्थात बऱ्याच मोठ्या अनिश्चिततेसह. तबकडीबाहेरचे तारे वर्तुळात फिरत नाहीत, ते कसेही ये-जा करतात. त्यांच्या कक्षा किती लांबट धरायच्या यावर उत्तर बदलते.

२०२३ मध्ये युरोपच्या गाया उपग्रहाच्या नोंदींवरून एका गटाने वेगळाच दावा केला. केंद्रापासून सुमारे ६२ हजार ते ८६ हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात ताऱ्यांचा वेग चक्क ग्रहांच्या नियमाने उतरतो आणि आकाशगंगेचे एकूण वस्तुमान केवळ वीस हजार कोटी सूर्यांइतके आहे, असे त्यांचे म्हणणे. उपदीर्घिकांच्या हालचालींवरून मिळणारे अंदाज एक लाख कोटीच्या आसपास जातात. शंभर वर्षांपूर्वी जो उतार सर्वांनी गृहीत धरला होता आणि जो कुठेच सापडत नव्हता, तो आता आपल्याच घरी सापडल्याचे सांगितले जाते, आणि त्यावर तितकीच कडक शंका घेतली जाते. बाहेरच्या ताऱ्यांची अंतरे पुरेशी अचूक आहेत काय? धनू राशीतील एक बटू दीर्घिका तबकडीतून पुन्हा पुन्हा आरपार जात असल्याने तिथले तारे अजून डहुळलेले आहेत, मग त्यांचा तराजू खरा मानायचा काय? दुसरीकडे, १९८३ मध्ये मोर्देहाय मिल्ग्रोम यांनी मांडलेला, न दिसणारे द्रव्य नाकारून गतीचा नियमच दुरुस्त करणारा पर्याय मानणाऱ्यांना हा उतार आणखी अडचणीचा आहे, कारण त्या पर्यायात आलेख सपाटच राहिला पाहिजे.

गाया उपग्रहाने आपली निरीक्षणे जानेवारी २०२५ मध्ये थांबवली. त्याच्या साडेपाच वर्षांच्या नोंदींवर आधारलेली चौथी सूची डिसेंबर २०२६ मध्ये अपेक्षित आहे. अलकनंदेच्या तबकडीचा वेग मोजण्यासाठी तिचाही वर्णपट घ्यावा लागेल, आणि त्यात शोधायची आहे ती स्लायफर यांना १९१४ मध्ये दिसलेली तीच तिरपी रेषा.